डॉक्टर, 'घरी आणखी काय देता?' एवढं विचाराच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत 'मुलांचं पोट दुखतंय? हे सात घरगुती उपाय करा' असं पान आलं होतं, ते वाचून हे पत्र लिहितेय. मोबाईलवर टाइप करतेय त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पानात हिंग होता, ओवा होता, आल्याचा रस मधातून होता, जायफळ उगाळून होतं, फक्त कुठल्या वयाच्या मुलाला ते कुठेच नव्हतं. आता आलं-मध आठ वर्षांच्या पोराला दिलं तर काही बिघडत नाही, पण आठ महिन्यांच्या बाळाला मध बोटभर चाटवणंही धोक्याचं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, कारण त्यात कधीकधी बॉट्युलिझमचे जंतू बीजरूपात असतात आणि तेवढ्याशा आतड्यात ते वाढून विष तयार करतात. हे एक वाक्य टाकायला जागा नव्हती का? खाली सोन्याच्या दुकानाची अर्धं पान जाहिरात होती म्हणून विचारतेय.

मी डी.फार्म. आहे. सिंहगड रोडवर एका मेडिकलमध्ये २६ वर्षं काउंटरला उभी होते, दिवाळीत सोडलं. डॉक्टर नाही, वैद्यही नाही. पण काउंटरवरून जे दिसतं ते डॉक्टरांना केबिनमधून दिसत नाही आणि वैद्यांनाही त्यांच्या बैठकीतून दिसत नाही. बाई पर्समधून बालरोगतज्ज्ञांचा कागद काढणार, त्यावरचं सिरप घेणार, झिंक घेणार, आणि पैसे देता देता हळूच म्हणणार, "आणि एक ग्राइप वॉटर द्या, आणि ती घुटीची डबी पण." मी विचारायची, डॉक्टरांना सांगितलंय का? "छे हो, ओरडतात." रोज कुणीतरी हे म्हणायचंच. आणि उलटंही तेच, वैद्यांकडे जाणारी माणसं तिथे सांगत नाहीत की सकाळी अँटिबायोटिकचा डोस दिलाय. दोन्ही औषधं एकाच पोटात जातात आणि दोन्ही देणाऱ्यांना दुसऱ्याचा पत्ता नाही.

दुसऱ्यांना काय बोलू, हे माझ्याच घरात झालं. माझा नातू तिसरीत आहे. गेल्या वर्षी जून-जुलैपासून रोज सकाळी बसच्या वेळेला पोट धरून बसायचा, बेंबीपाशी दुखतंय म्हणायचा, रविवारी मात्र काही नाही. सुनेला वाटलं नाटक, मुलाला वाटलं जंत, मला वाटलं बाहेरचं खाणं. सोनोग्राफी झाली, रिपोर्टमध्ये पोटात 'गाठी' आल्या आणि घरात सुतकी कळा. ज्यांच्या ज्यांच्या घरात हा शब्द आलाय त्यांना कळेल मी काय म्हणते ते. डॉक्टरांनी समजावलं की त्या छोट्या लिम्फ नोड्स निरोगी मुलांच्या पोटातही दिसतात, मशीन चांगली झाली म्हणून जास्त दिसायला लागल्या, त्यासाठी औषध नको. मग त्यांनी नातवालाच विचारलं, शी कधी करतोस? आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो, कारण आठ वर्षांच्या मुलाला हे कोण विचारतं! चार-चार दिवसांनी. आणि शाळेत? "शाळेत नाही जात, तिथलं दार लागत नाही." कडी तुटलेली आहे म्हणून पोरगं सात तास धरून बसायचं, घरी आल्यावर खेळाच्या नादात राहून जायचं, मग खडा व्हायचा, दुखायचं, दुखतं म्हणून परत धरायचं.

त्यांनी रात्री शी मऊ करणारं लॅक्ट्युलोज सिरप दिलं, दूध दोन मोठ्या ग्लासांवरून एकावर आणलं, आणि सकाळी खाल्ल्यावर दहा मिनिटं कमोडवर बसायला सांगितलं, पायाखाली पाट ठेवून. खाल्ल्यावर आतडं आपोआप ढकलायला लागतं, ती वेळ गाठायची. आणि लोंबकळत्या पायांनी कुंथता येत नाही हो, आपण सगळे उकिडवे बसायचो तेव्हा हा प्रश्नच नव्हता. हे सगळं मला पटलं. तरी काय केलं मी? लहानपणी आमची आजी शनिवारी रात्री एरंडेल द्यायची, तेच मी सिरपच्या जोडीला सुरू केलं, वर हिंग्वाष्टक तुपातून, आणि कुणाला सांगितलं नाही. २६ वर्षं लोकांना विचारणारी मी! तिसऱ्या दिवशी पोराला सात-आठ जुलाब, सून घाबरून डॉक्टरांकडे, त्यांना वाटलं सिरप सोसत नाही, त्यांनी ते बंद केलं. म्हणजे चांगलं लागू पडणारं औषध माझ्या एरंडेलामुळे बंद झालं. दोन दिवसांनी मीच जाऊन सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, "आजी, हे आधी सांगितलं असतंत तर?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मुद्दा असा की मी घरगुती उपायांच्या विरोधात नाहीये. तसं लिहिलं की सगळे अंगावर येतात, पुण्यात तर जास्तच. उलट माझं म्हणणं आहे की आपल्या आज्यांना मापाचं भान होतं, ते आपण घालवलं. उदाहरण म्हणून बाळघुटीच बघा. सहाणेवर दुधात किंवा उकळलेल्या पाण्यात हिरडा, मुरडशेंग, अतिविष, वेखंड, जायफळ, हळकुंड, खारीक, बदाम असं एकेक उगाळायचं आणि मोजायचं ते वळशांनी. खारकेचे जास्त वळसे, जायफळाचा जेमतेम एक, वेखंडाचा अर्धा. सहाण हेच मापाचं भांडं होतं. एका वळशाला किती उतरतं, अगदी नखभर. एकदा दुकानात आलेल्या एका तरुण आईने मला मोबाईलवर फोटो दाखवला, शेजारच्या काकूंनी गावाहून आणून दिलेली घुटीची तयार पावडर, स्टीलच्या डबीत, आणि ही बाई तीन महिन्यांच्या बाळाला त्यातली पाव चमचा देत होती, बाळ छान झोपतं म्हणून खूश! छान झोपणारच, जायफळ जास्त झालं की गुंगी येते. वळसा गेला आणि चमचा आला, पण पदार्थ तेच राहिले. वेखंडाबद्दल तर सांगते, त्यातल्या बीटा-असॅरोन नावाच्या घातक द्रव्यामुळे अमेरिकेने १९६८ सालीच ते खाण्यात घालायला बंदी केली. आणि मुळात सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच नको, पाणीसुद्धा नको, घुटी तर लांबच. सहाण कशी धुतली, पाणी कुठलं, बोट कुणाचं, हे सगळं बाळाच्या पोटात जातं.

डबीवर लेबल नसेल, बॅच नंबर, लायसन्स नंबर नसेल तर घेऊ नका, मग देणारे कितीही ओळखीचे असोत. अमेरिकेत बॉस्टनमध्ये दुकानातून घेतलेली आयुर्वेदिक औषधं तपासली होती, २००४ साली ते छापून आलं, ७० पैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. पोटासाठी म्हणून बाळांना देतात त्या 'घसार्ड' नावाच्या तपकिरी पुडीचं नाव तिकडच्या शिशाच्या विषबाधेच्या यादीत आहे. शिसं पोटात गेलं की काय होतं माहितीये? पोटात दुखतं आणि बद्धकोष्ठ होतं. म्हणजे ज्यासाठी पुडी दिली तेच वाढतं आणि आपण आणखी एक पुडी देतो.

पण मग फक्त आयुर्वेदालाच का झोडायचं. जुलाबाच्या जवळजवळ प्रत्येक कागदावर प्रोबायोटिकची, म्हणजे पोटातल्या चांगल्या जंतूंची, सॅशे असतेच, मीच हजारोंनी विकल्या असतील. २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडात जुलाब-उलट्यांच्या मुलांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, त्यात ही सॅशे घेतलेली मुलं आणि नुसती खोटी पुडी घेतलेली मुलं यांच्यात फरक पडला नाही. आणि ज्याने खरंच जीव वाचतो ते ओआरएस आणि झिंक, त्याला लोक नाक मुरडतात, "मीठ-साखरेचं पाणी काय लिहून देतात, इंजेक्शन द्या की." १९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासित आले तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने माणसं पटापट जात होती, सलाईन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपातून पाजायला लावलं आणि मृत्यू कितीतरी कमी झाले. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, गेल्यानंतर. मीठ आणि ग्लुकोज बरोबरीने गेलं तरच आतडं पाणी आत ओढतं, म्हणून मापाला महत्त्व. मोठी पुडी साधारण २१ ग्रॅमची, ती एक लिटरला. छोटी चार ग्रॅमच्या आसपासची, ती २०० मिलीला. मोठी पुडी अर्ध्या ग्लासात कालवून चमच्याने चाटवणारी माणसं मी बघितलीत, त्याने जुलाब वाढतात आणि पोर आणखी सुकतं. आणि ते टेट्रापॅकमधले गोड ज्यूस, ज्यांच्या नावात ओआरएस असायचं, ते तर किती वर्षं औषध म्हणून खपले. शेवटी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याने, सांगितलं की फॉर्म्युला नसेल तर नावात ओआरएस वापरायचं नाही. झिंक १४ दिवस द्यायचं असतं, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, लहानाला १०. लोक जुलाब थांबले की तिसऱ्या दिवशी बाटली फ्रीजवर ठेवून देतात.

आणि इथेच आपली स्वयंपाकघरातली गोष्ट आणि डॉक्टरांची गोष्ट कशी जुळते बघा. जुलाबात तांदळाची पेज मीठ घालून, मुगाच्या डाळीचं पातळ वरण, ताजं ताक, मऊ भात, हे डॉक्टरही सांगतात, जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की खाणं बंद करू नका, अंगावरचं दूध तर अजिबात तोडू नका. 'पोटाला विश्रांती' म्हणून मुलाला उपाशी ठेवणं ही मात्र आपल्याकडची जुनी खोड. बेंबीभोवती हिंगाचा लेप, ओव्याच्या पुरचुंडीचा कोमट शेक, यात काही वाईट नाही, आईचा हात पोटावर फिरतो तेच निम्मं औषध. फक्त शेक म्हणजे कोमट, चटका नाही. मेळघाटात अजून पोट फुगलं म्हणून तान्ह्या बाळांना विळ्याने डागतात, डंबा म्हणतात त्याला, आणि आपल्याकडेही बिब्ब्याचे डाग पोटावर असलेली लेकरं मी पुण्यातच, खडकवासल्याच्या अलीकडे बघितलीत, तेव्हा लांबचं म्हणून नाक वर करायला नको.

पोट आणि डोकं यांचा संबंध हा तर वेगळाच विषय आहे आणि तो मला नातवामुळे कळला. बद्धकोष्ठ गेलं तरी सोमवारचं दुखणं थोडं राहिलंच होतं. डॉक्टर म्हणाले, खरंच दुखतं, खोटं नाही बोलत तो, आतड्याच्या नसा हळव्या झाल्यात. १९५८ मध्ये इंग्लंडमध्ये हजार शाळकरी मुलं तपासली होती तेव्हाही दहातल्या एकाला असं वारंवार पोटाचं दुखणं होतं, तेव्हा हे मोबाईलमुळे वगैरे नाही. नेदरलँड्समध्ये २००७ साली अशा ५३ मुलांवर एक प्रयोग झाला, निम्म्यांना नेहमीचे औषधोपचार आणि निम्म्यांना पोटावर लक्ष केंद्रित करायला शिकवणारं संमोहन. वर्षाने बघितलं तर संमोहनवाली ८५ टक्के मुलं बरी, दुसऱ्या बाजूची २५ टक्के. नंतर तिथेच २६० मुलांवर बघितलं तर घरी सीडी ऐकूनही बऱ्यापैकी तसाच गुण येतो असं दिसलं. संमोहन म्हटलं की आपल्याला घड्याळ हलवणारा जादूगार आठवतो, पण ते डोळे मिटून, श्वास पोटात घेऊन, पोटात एक शांत नदी आहे असं कल्पनेत बघणं एवढंच असतं. नातवाला डॉक्टरांनी पोटाने श्वास घ्यायला शिकवलं, पोटावर त्याची लाडकी रबरी मगर ठेवायची आणि ती वर-खाली झाली पाहिजे. आता बसस्टॉपवर मगर नसते म्हणून स्वतःचा हात ठेवतो. योगाच्या या पुण्यात हे करायला आपल्याला डच लोकांचा दाखला लागतो याची गंमत वाटते, असो. पेपरमिंटच्या तेलाचंही तसंच, आठ वर्षांवरच्या ४२ मुलांना आतड्यात जाऊन उघडणाऱ्या कॅप्सूल दिल्या तेव्हा दोन आठवड्यांत तीन-चतुर्थांश मुलांचं दुखणं कमी झालं. पण म्हणून बाळाला पुदिन्याचा अर्क पाजायचा नाही! जे ज्या वयाला, ज्या रूपात तपासलंय तेच.

आणि काही दुखणी अशी की तिथे हिंगही नको, श्वासही नको, रिक्षाच पकडायची. एकदा रात्री नऊला दुकान आवरत असताना एक जोडपं आलं, नऊ महिन्यांचं बाळ, ग्राइप वॉटर द्या म्हणाले. बाळ दहा-पंधरा मिनिटांनी कळवळून गुडघे पोटाशी घ्यायचं, मग एकदम मलूल पडायचं. मी लंगोट बघायला मागितला तर जाममध्ये मळल्यासारखी लाल शी. मी बाटली परत मांडणीवर ठेवली आणि थेट हॉस्पिटलला पाठवलं. आतड्यात आतडं शिरलं होतं, रात्रीच सोडवलं, ऑपरेशनशिवाय निभावलं. हिरवी उलटी, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल, दुखणं बेंबीवरून उजवीकडे खाली सरकलेलं, झोपेतून उठवणारं दुखणं, वजन उतरणं, हे दिसलं की थांबू नका. आणि मुलगा पोट दुखतंय म्हणत असेल तर चड्डी काढून एकदा खालीही बघा, वृषणाला पीळ पडला तर पोरं लाजून पोटच दाखवतात आणि हातात जेमतेम सहा तास असतात.

२०२५ च्या जानेवारीत आमच्याच भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडे जीबीएसची (गिलियन-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते) साथ आली तेव्हा तर आम्ही सगळे शिकलो. आधी साधे जुलाब, पोटात कळा, घरच्या घरी भागवलं, आणि आठवड्याने पायात मुंग्या, जिना चढवेना. तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जुलाबाचा जंतू निघाला. तेव्हा पहिल्यांदा लोक काउंटरवर सगळं खरं सांगायला लागले होते, कुठलं पाणी प्यायलो, काय काढा घेतला, कधीपासून. साथ ओसरली आणि परत "ओरडतात हो" सुरू.

नेदरलँड्सच्या नऊ हॉस्पिटलांत पोटाच्या तक्रारींसाठी येणाऱ्या ७४९ मुलांच्या आई-वडिलांना विचारलं होतं, तर दर शंभरात ३८ मुलांना वर्षभरात काही ना काही पूरक औषध दिलेलं निघालं. आपल्याकडे विचारलं तर आकडा किती येईल याचा मी अंदाज करत नाही, पण आधी विचारायला तर हवं. म्हणून माझी मागणी साधी आहे. मुलांच्या ओपीडीच्या कागदावर वजन आणि ताप लिहितात त्याच्याखाली एक ओळ छापा, 'घरी आणखी काय देता', आणि ती भरताना कपाळाला आठी नको. वैद्यांनीही तीच ओळ छापावी. रास्ता पेठेत टिळक आयुर्वेद महाविद्यालय आणि केईएम हॉस्पिटल एकाच पेठेत आहेत, तिथल्या लोकांनी एका टेबलाशी बसून हा एकच कागद तयार केला तर कुणाचं काही जाणार नाही. आणि संपादकसाहेब, तुम्ही पुढच्या वेळी सात उपाय छापाल तेव्हा प्रत्येकापुढे वय आणि माप छापा, आणि मधाची चूक या रविवारीच दुरुस्त करा, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. कोपऱ्यातल्या खुलाशात नको.

आपली,
एक जुनी वाचक, धायरी, पुणे ४१

ता. क. शाळेला तीनदा सांगून झालं, कडी अजून लागलेली नाही. मुलगा म्हणतो मीच जाऊन बसवतो, चाळीस रुपयांची तर आहे. पाट मात्र आम्ही आता गावाला जातानाही गाडीच्या डिकीत टाकून नेतो.